वैजूच्या दुधाची वाटी

"दोन्ही हातांनी धरा ताई, आणि जिन्यात कुणाशी बोलत थांबू नका," असं म्हणून लोखंडे सिस्टरांनी माझ्या हातात स्टीलची वाटी दिली. वाटी उकळून काढलेली, वर उकळलेलीच झाकणी, आणि बाजूला पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनानं लिहिलेलं, 'वैजयंता'. आत माझ्या भावजयीच्या अंगावरचं दूध होतं. दूध कसलं, पिवळ्या चिकाचे तीन थेंब. तीन थेंबांचा एवढा थाट बघून मला हसूच आलं. मी आहेच तशी, नको तिथं हसणारी.

सिस्टर मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हसू नका. वर काचेच्या पेटीत जी आहे ना, तिला आज एवढंच पुरतं."

याला आता चौदा वर्षं झाली. दवाखाना जिल्ह्याचा, सरकारी. बाळंतिणी जुन्या इमारतीत खाली, आणि अपुऱ्या दिवसांची बाळं समोरच्या नव्या इमारतीत वर. मधे एक फरसबंद चौक आणि त्यापुढं जिना, एकोणतीस पायऱ्यांचा. वैजूला सातव्या महिन्यात रक्तदाब चढून झटके आले, पोट कापून मुलगी काढावी लागली. वजन एक किलो शंभर ग्रॅम. वैजूचा रक्तदाब उतरत नव्हता, तिला खाटेवरून उठायची बंदी होती. म्हणजे आई खाली, लेक वर, आणि दोघींच्या मधे दर दोन तासांनी जाणारी ती वाटी.

ती वाटी न्यायचं काम माझ्याकडं आलं ते काही माझ्या गुणांमुळं नव्हे. माझा भाऊ सर्जेराव पुरुषमाणूस, त्याला बाळंतिणींच्या वॉर्डात पाय ठेवू देत नव्हते. वैजूला आई नव्हती, म्हणून तर पहिलं बाळंतपण सासरी करायचं ठरलं होतं. आमच्या आईचे गुडघे जिन्याला बघूनच दुखायचे. राहिले मी. लग्नानंतर आठ महिन्यांत कपाळ पांढरं करून माहेरी परतलेली, शिवणयंत्रावर पोट भरणारी. वैजूच्या डोहाळजेवणाला सगळ्या बायका पुढच्या सोप्यात बसल्या आणि मी मागं चुलीपाशी पुऱ्या तळत होते. आई मायाळू होती, पण माया एकीकडं आणि पायगुण दुसरीकडं. आता अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी तिची गत झाली होती, आणि गाढव मी होते.

पहिली वाटी घेऊन निघाले तेव्हा आईनं माझा पदर धरला.

"सांडू नगंस शेवंता. अंगावरचं दूध भुईवर सांडलं की पान्हा आटतो. आपल्या भावकीतल्या तानूचं काय झालं, ठावं हाय न्हवं?"

तानूचं काय झालं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिच्या हातून दूध अंगणात सांडलं आणि तिसऱ्या दिवशी छाती कोरडी पडली, असं सांगायचे. आईनं हे मला सांगितलं खरं, पण ऐकलं वैजूनं. खाटेवर पडल्या पडल्या तिचे डोळे एवढे मोठे झाले. बावीस वर्षांची पोर ती, आधीच अंगात रक्त नाही, त्यात हे. मी आईवर डोळे वटारले, पण शब्द एकदा बाहेर पडला की पडला.

तेव्हापासून तो आमचा नेमच झाला. मी वाटी पोचवून परत आले की वैजू दोन गोष्टी विचारायची. किती प्याली, आणि सांडलं नाही ना. मी पहिल्याचं उत्तर मिलीमध्ये द्यायची आणि दुसऱ्याला मान हलवायची. वर दारातही एक प्रश्न ठरलेला होता. वरच्या वॉर्डातल्या सिस्टर वाटी हातात घ्यायच्या आधी चिकटपट्टीवरचं नाव वाचायच्या, मग विचारायच्या, "आईचंच ना?" मी होय म्हटलं की वहीत खूण. मला वाटायचं, यांना एवढा कसला संशय, आईचं नसेल तर काय म्हशीचं असेल.

आईला आधी तो चीक फेकून द्यायचा होता. आमच्याकडं पहिला चीक पिळून टाकतातच. लोखंडे सिस्टरांनी तिला असं फैलावर घेतलं की म्हातारी दोन तास गप्प होती. मी गेली दहा वर्षं सांगितलेली एकही गोष्ट तिला पटली नव्हती, पण सोनारानंच कान टोचावे लागतात. फक्त तिनं कुठूनशी अंगाऱ्याची पुडी आणली होती, ती बाळाला लावा म्हणून सिस्टरांच्या मागं लागली. तीही त्यांनी परत दिली.

वैजूनं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. गरम पाण्यात पिळलेलं फडकं छातीवर ठेवायचं, मग सिस्टरांनी दाखवल्यासारखं बोटांनी हळूहळू दाबत राहायचं, तासतासभर. टाके ओढायचे, डोकं ठणकायचं. दुसऱ्या दिवशी चमचाभर झालं. चौथ्या दिवशी वाटीचा तळ झाकला. पाचव्या दिवशी पिवळेपणा जाऊन निळसर पातळ दूध आलं आणि वैजू पहिल्यांदा हसली. वर दाराच्या काचेतून मी बघायची. पोरीच्या तोंडातून पोटात बारीक नळी घातली होती. सिस्टर तिला दट्ट्या काढलेली सिरींज लावायच्या, तीत दूध ओतायच्या आणि हात उंच धरून उभ्या राहायच्या. दूध आपलं आपण हळूहळू उतरायचं. पाच मिली उतरायला दहा मिनिटं लागायची. तेवढा वेळ मीही हात उंचावल्यासारखी श्वास धरून उभी असायची.

सहाव्या दिवशी वजन वीस ग्रॅमनं वाढलं. वीस ग्रॅम म्हणजे माझ्या शिवणाच्या डब्यातल्या मूठभर गुंड्या. पण सर्जेराव जिन्याखाली उभा राहून रडला. मला म्हणाला, "आक्का, नाव तूच ठेवायचंस. कोण काय म्हणंल ते म्हणू दे." आत्याचा मान विधवेला द्यायचा म्हणजे गावात गहजब झाला असता. तरी मी मनात नाव ठरवून टाकलं. आई म्हणत होती, सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, आणि त्या दिवशी मला तिचं ते म्हणणं शास्त्रापेक्षा खरं वाटलं.

आठव्या दिवशी, शनिवारी सकाळी, तांबोळी डॉक्टर वैजूकडं आले. रक्तदाब उतरला होता. ते म्हणाले, सोमवारी तुला चाकाच्या खुर्चीतून वर नेऊ आणि बाळ तुझ्या उघड्या छातीवर देऊ, अशा बाळांना आईची ऊब औषधासारखी असते. वैजूनं तोवर लेकीला हातही लावला नव्हता. त्या एका वाक्यावर तिनं दुपारी दोनच्या वेळेला दहा मिली काढलं. आजवरचं सगळ्यात जास्त. वाटी माझ्या हातात दिली. म्हणाली, जपून वन्सं. आणि उशीला डोकं टेकताच झोपली.

चौक ओलांडला, जिना चढू लागले. जेवणाच्या डब्यांची वेळ, जिन्यात माणसांची गर्दी. सोळा पायऱ्या चढून वळणावर आले आणि उजव्या चपलेचा अंगठा तुटला. मी पडले नाही. वाटीही पडली नाही. नुसता तोल गेला, झाकणी उडून खणखणत खाली गेली, आणि दूध सतराव्या पायरीवर सांडलं. तळहाताएवढा ओला डाग. वाटीच्या तळाशी दोन थेंब उरले.

मी खाली बसून पदरानं तो डाग पुसला. का पुसला, ते मला तेव्हाही कळलं नाही. कुणी तरी झाकणी आणून दिली. मी तिथंच बसून राहिले आणि डोक्यात एकच गोष्ट, हे वैजूला कळता कामा नये. तिला सांगितलं, तर दूध आटायला तानूची गरज नाही, भीतीनंच आटेल. आणि आई म्हणेल, मला ठाऊकच होतं, कुणाच्या हातात दिलं होतं ते. हे दुसरं मी आज कबूल करते. तेव्हा स्वतःला फक्त पहिलंच सांगितलं होतं.

फाटकाबाहेर चहाचा गाडा होता, एक म्हातारी बाई चालवायची. तिच्या पातेल्यात दूध उकळत होतं. मी तिला विचारलं, गाईचं आहे का. ती म्हणाली गाईचंच, आणि तुला कशाला पाहिजे. लहान बाळाला म्हटल्यावर तिनं शहाण्यासारखं सांगितलं, अर्धं पाणी घाल, पचतं. माझी पाचही लेकरं त्यावरच वाढली, म्हणाली. मला तेवढंच हवं होतं. माझी आईही तेच म्हणाली असती, अख्खा गाव म्हणाला असता. मी वाटी आणि झाकणी तिच्या उकळत्या पाण्यानं विसळली. चिकटपट्टी भिजू नये म्हणून बोट धरलं. दूध घेतलं, पाणी घातलं, वैजूच्या दुधासारखं निळसर दिसेपर्यंत घातलं. मग दोन्ही हातांनी वाटी धरून, अनवाणी, एकोणतीस पायऱ्या चढले. या वेळी थेंब सांडला नाही.

सिस्टरांनी नाव वाचलं. झाकणी उचलून आत बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा, आज बरंच आलं की. आईचंच ना?"

"होय," मी म्हटलं.

त्यांनी वहीत खूण केली. अर्धं आता देते, म्हणाल्या, राहिलेलं चारच्या वेळेला होईल, बाळाच्या आईला जरा विश्रांती घेऊ द्या. मला वाटलं, ओरडून सांगावं. तोंड उघडलंही. पण त्या हसत होत्या, दार मिटत होतं, आणि मी मूग गिळून गप्प राहिले. काचेतून बघितलं. सिस्टरांचा हात उंच होता आणि दूध हळूहळू उतरत होतं.

खाली आले तर वैजू जागी झालेली.

"किती प्याली?"

"सगळी प्याली."

"सांडलं न्हाई न्हवं?"

"न्हाई," मी म्हटलं, "सांडतंय कशाला."

रविवारी सकाळी सहाची वाटी घेऊन गेले, तर सिस्टरांनी ती घेतलीच नाही. बाळाचं पोट फुगलं होतं. नळीतून हिरवट पाणी परत येत होतं. दूध बंद केलं होतं. दहा वाजता शीतून रक्त गेलं. डॉक्टर, इंजेक्शनं, रक्ताची पिशवी, सगळं झालं. दुपारी तांबोळी डॉक्टरांनी आम्हा तिघांना, मला, आईला आणि सर्जेरावला, बाहेरच्या बाकावर बसवून विचारलं.

"आईच्या दुधाशिवाय बाळाला दुसरं काही दिलंत का? मध, घुटी, गाईचं दूध, अंगारा? रागावणार नाही. खरं सांगा फक्त."

मग सर्जेरावनं मान वळवून आईकडं बघितलं. पुडीची गोष्ट त्याला माहीत होती.

"आई, खरं सांग."

"देवाशपथ न्हाई रं," आई म्हणाली. "मी तिला डोळ्यांनीसुदिक बघितलं न्हाई नीट."

"मग ती पुडी कुठं हाय?"

आईनं कनवटीला हात घातला, पुडी काढून दाखवली. पुडी उघडलेली होती. तिनं त्यातला चिमूटभर अंगारा स्वतःच्या कपाळाला लावला होता, रोज लावायची. पण सर्जेरावच्या तोंडावरून मला कळलं की त्याचा निवाडा झाला. मी त्या दोघांच्या मधे बसले होते. मी उजवीकडं तोंड केलं असतं तर तो होता, डावीकडं केलं असतं तर ती होती. मी समोर बघत राहिले.

डॉक्टर म्हणाले, एवढ्या लवकर जन्मलेल्या बाळाचं आतडं कच्चंच असतं, नुसत्या आईच्या दुधावरही असं होतं कधी कधी. कुणालाच दोष देऊ नका. हे वाक्य मी चौदा वर्षं उशाशी घेऊन झोपते. कधी त्यानं झोप लागते, बहुतेक लागत नाही. आई त्यानंतर आठ वर्षं जगली. सर्जेरावनं तिला काही कमी केलं नाही, जेवायला घातलं, दवापाणी केलं, पण तिच्याशी मोजकंच बोलला. दिवाळीला पाया पडताना दुसरीकडं बघायचा. म्हातारी जाताना मला म्हणाली, मी त्या लेकराला काही दिलं नव्हतं गं, तुझा तरी इस्वास हाय का? मी म्हटलं, हाय. याहून जास्त मी तिला काही दिलं नाही.

सोमवारी सकाळी वैजूला ठरल्याप्रमाणं चाकाच्या खुर्चीतून वर नेलं. ठरल्याप्रमाणं बाळ तिच्या उघड्या छातीवर दिलं. नळ्या काढल्या होत्या. वैजूनं तिला दोन्ही हातांनी झाकून घेतलं आणि म्हणाली, गार पडलीया. कुणी तरी शाल आणायला धावलं, मग शाल हातात धरूनच उभं राहिलं. सर्जेरावनं लेकीला नेलं, गावाकडं ओढ्याच्या पलीकडं पुरलं. मी ठरवलेलं नाव मी कुणालाच सांगितलं नाही.

आणि मंगळवारी वैजूला पान्हा फुटला. आजवर आला तो काहीच नव्हे. छाती दगडासारखी झाली, चोळी भिजली, चादर भिजली. सिस्टरांनी घट्ट बांधायला सांगितलं, बांधलेलं फडकंही भिजलं. आई खाटेच्या पायथ्याशी बसून बघत होती. दूध टपटप भुईवर पडत होतं आणि आटत नव्हतं. मी फरशी पुसत होते. एकदा पुसली, दोनदा पुसली, मग पुसायची सोडून दिली.

त्याच दिवशी दुपारी मी बादली भरायला निघाले, तर लोखंडे सिस्टर एका नव्या आजीला वाटी देताना समजावत होत्या. मी पहिल्या दिवशी नीट ऐकलं नव्हतं की त्यांचंच मला सांगायचं राहिलं होतं, देव जाणे. म्हणाल्या, "आणि सांडलं तर घाबरायचं नाही, येऊन सांगायचं. एक वेळ चुकली तर काही बिघडत नाही, बाळाला सलाईन चालूच असतं." आजी बरं म्हणाली. मी रिकामी बादली घेऊन तिथंच उभी राहिले.

संध्याकाळी लोखंडे सिस्टर वैजूच्या खाटेशी आल्या. जरा अडखळल्या. वर एक नऊशे ग्रॅमचा मुलगा होता, त्याची आई बाळंतपणात गेली होती. वैजूच्या रक्ताचे रिपोर्ट डॉक्टरांनी बघितले होते, मुलाच्या घरचे हो म्हणाले होते. मन होत नसेल तर राहू दे, त्या म्हणाल्या, कुणी काही म्हणणार नाही. आईनं माझ्याकडं बघितलं, मी वैजूकडं. वैजूनं छातीवरचं भिजलेलं फडकं सोडायला घेतलं.

"देते की," ती म्हणाली. "वाया कशाला घालवायचं. पर न्यायचं वन्संनीच. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नगा." मग तिनं माझा हात धरला आणि सिस्टरांना सांगितलं, "त्यांच्या हातनं आजवर एक थेंब सांडला न्हाई."

सिस्टर म्हणाल्या, खरंच, फार जपून आणतात. त्यांनी उकळलेली वाटी आणली, चिकटपट्टी लावली, पेनानं नाव लिहिलं. वैजूला या वेळी तास लागला नाही. पाच मिनिटांत वाटी काठोकाठ भरली. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि जिन्याकडं निघाले.